‘परमिटसह’ तलाव: न्यू जर्सीतील एका परवाना सेवेचा अनुभव

न्यू जर्सीच्या मध्यभागी असलेल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात गेल्या वर्षी आम्ही १६ फूट रुंद आणि ३२ फूट लांब असा गनाइटचा, म्हणजे सळयांच्या जाळीवर काँक्रीट फवारून केलेला, जलतरण तलाव बांधून घेतला. बांधकामाबद्दल माझी फारशी तक्रार नसल्यामुळे त्याविषयी इथे लिहीत नाही. लिहायचे आहे ते तलाव बांधणाऱ्या कंपनीने १,६५० डॉलर वेगळे आकारून आम्हाला दिलेल्या परवाना सेवेबद्दल. माहितीपत्रकात तिचे वर्णन ‘परमिटसह, तुम्हाला काहीही करावे लागणार नाही’ असे होते. या सेवेला मी पाचापैकी अडीच तारे देते, आणि ज्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक नगरपालिकेच्या, कार्यालयाच्या नावाने ही सेवा विकली जाते, म्हणजे ‘तिथले लोक फार छळतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका’ असे सांगून विकली जाते, त्या कार्यालयाला साडेचार. कंपनीचे आणि टाउनशिपचे नाव मुद्दाम दिलेले नाही. आम्ही आणखी दोन कंपन्यांचे दरपत्रक घेतले होते, आणि परवान्याविषयीचे कलम तिन्हींमध्ये जवळजवळ शब्दशः सारखे होते.

पुढे सर्वत्र मी ‘तलाव’ हाच शब्द वापरणार आहे. साताऱ्याला फोन करून घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांना ‘मागच्या अंगणात पूल बांधतोय’ असे सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “अगं, तिथनं ओढा जातो का?” एका अर्थी तो प्रश्न बरोबर होता, हे दोन महिन्यांनी कळले.

आधी आमच्या जागेचे स्वरूप सांगते, कारण परवान्याचा सगळा खेळ त्यावरच आहे. आमचा प्लॉट १०० फूट बाय १४५ फूट, म्हणजे १४,५०० चौरस फूट, आपल्या हिशेबाने तेरा गुंठ्यांहून थोडा अधिक. घराच्या मागच्या भिंतीपासून मागच्या हद्दीपर्यंत ५५ फूट जागा आहे. अशा अंगणात तलाव सहज बसेल असे कुणालाही वाटेल, आणि कंपनीच्या विक्रेत्यालाही तसेच वाटले. त्याने टॅबलेटवर निळा आयत इकडून तिकडे सरकवत ‘कुठे हवा?’ असे विचारले, आम्ही मोठ्या झाडाकडे बोट दाखवले, आणि जानेवारीत करारावर सह्या झाल्या.

न्यू जर्सीत तलावाची परवानगी दोन टप्प्यांत मिळते, आणि हे दोन टप्पे वेगळे आहेत हे आम्हाला करारापूर्वी कुणी सांगितले नाही. पहिला टप्पा झोनिंगचा. तलाव हद्दीपासून किती अंतरावर, घरापासून किती अंतरावर, प्लॉटचा किती भाग बांधकामाने आणि फरसबंदीने झाकला जाणार, हे त्यात पाहतात. हे नियम प्रत्येक टाउनशिपचे स्वतंत्र असतात. दुसरा टप्पा बांधकाम परवान्याचा, आणि तो मात्र राज्यभर एकसारखा आहे. १९७५च्या कायद्याने राज्याने एकच बांधकाम संहिता लागू केली, त्यामुळे ५६४ नगरपालिकांपैकी कुठेही गेलात तरी अर्जाचे नमुने तेच: एफ-१०० हे मुख्य पाकीट, एफ-११० बांधकामाचा, एफ-१२० विजेचा, एफ-१३० नळकामाचा, एफ-१४० अग्निसुरक्षेचा. ज्या कंपनीचा धंदाच तलावांचा आहे तिला दुसरा टप्पा तोंडपाठ असतो. खरी परीक्षा पहिल्या टप्प्यात होते, कारण तिथे प्रत्येक अंगण नवे असते, आणि आमची सेवा नेमकी तिथेच कमी पडली.

झोनिंगचा अर्ज फेब्रुवारीत गेला. राज्याच्या कायद्यानुसार झोनिंग अधिकाऱ्याने दहा कामकाजी दिवसांत होकार किंवा नकार द्यावा लागतो, आणि आमचा नकार नवव्या दिवशी आला. कारणे दोन होती: फरसबंदीचा हिशेब जोडलेला नव्हता, आणि मोजणी नकाशा जुना होता, त्यात मागची शेड दाखवलेली नव्हती. सेवेच्या माणसाने फोनवर ‘टाउनशिपवाले असेच अडवतात’ असे म्हटले. नकारपत्र मी स्वतः वाचले तेव्हा त्यात अडवणुकीचा लवलेशही नव्हता; दोन वाक्यांत दोन त्रुटी, प्रत्येकीपुढे नियमाचा क्रमांक, आणि खाली अधिकाऱ्याचा थेट दूरध्वनी. नवा मोजणी नकाशा करून घेण्यासाठी आम्ही ९०० डॉलर मोजले. तो खर्च सेवेत धरलेला नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अण्णा आले. भूमी अभिलेख खात्यात त्यांची पस्तीस वर्षे भूकरमापक म्हणून गेलेली, त्यामुळे नकाशा समोर दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पट्टीकडे जातो. जेवणाच्या टेबलावर नव्या मोजणीचा कागद पसरलेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रमाण पाहिले (१ इंचाला २० फूट), मागच्या हद्दीवर पट्टी टेकवली आणि म्हणाले, “ही तुटक रेघ कसली गं? हद्दीपासनं बरोबर एक इंच आत आहे.” रेघेला लागून बारीक अक्षरांत ‘२० फूट रुंद ड्रेनेज ईझमेंट’ असे लिहिले होते. म्हणजे जागा आमच्या मालकीची, पण तिच्यावर पाण्याच्या निचऱ्याचा सुविधाधिकार टाउनशिपचा. तिथे तलावासारखे कायमचे बांधकाम करता येत नाही. कंपनीच्या आराखड्यातला तलाव मागच्या हद्दीपासून १४ फुटांवर होता, म्हणजे सहा फूट सरळ त्या पट्ट्यात शिरलेला. अण्णांच्या ओढ्याचा पत्ता असा लागला. पावसाळ्यात शेजारच्या चार घरांचे पाणी याच पट्ट्यातून वाहत जाते, आणि इतकी वर्षे तिथे गवत जरा जास्त हिरवे का असते याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

मी तातडीने सेवेला कळवले. उत्तर आले ते असे की, पहिल्या नकारपत्रात टाउनशिपने हा मुद्दा काढलेला नाही, तेव्हा आपणही काढू नये. माझ्या मते संपूर्ण व्यवहारातले हे सर्वांत वाईट उत्तर होते. पहिल्या अर्जासोबत गेलेल्या जुन्या नकाशात ती रेघच नव्हती, मग मुद्दा काढणार कोण? मी लेखी आग्रह धरल्यावर तलाव आठ फूट घराकडे सरकवण्यात आला. आता मागे २२ फूट, मध्ये १६ फुटांचा तलाव आणि पुढे घरापर्यंत १७ फूट. झाडाखाली पोहण्याची हौस त्यातच बुडाली. पुढे टाउनशिपच्या अभियंत्याने उताराचा आराखडा, म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठी जमिनीला कुठे किती उतार आहे ते दाखवणारा नकाशा, तपासताना पहिली खूण त्या तुटक रेघेवरच केली. तलाव आधीच्या जागी राहिला असता तर महिना गेलाच असता, वर उताराचा आराखडा पुन्हा काढण्याचा खर्च झाला असता. तो आराखडा परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागतो आणि आम्हाला त्याचे १,८०० डॉलर पडले. हेही सेवेत नव्हते.

फरसबंदीच्या हिशेबाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तलावाचा विचार करणारी बहुतेक कुटुंबे नेमकी इथेच गाफील असतात. आमच्या टाउनशिपमध्ये प्लॉटच्या २५ टक्क्यांपेक्षा अधिक भाग झाकता येत नाही, म्हणजे आम्हाला ३,६२५ चौरस फुटांची मर्यादा होती. घर, गाडीचा रस्ता, जुना ओटा, पायवाट आणि शेड मिळून २,९५० चौरस फूट आधीच भरलेले. तलावाभोवतीच्या चार फूट रुंद फरसबंद काठाची भर ४४८ चौरस फूट. बेरीज ३,३९८, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या आत. पण हा हिशेब तलावाचे पाणी ‘झाकलेले क्षेत्र’ मानायचे नाही हे गृहीत धरून आहे. आमची टाउनशिप ते मानत नाही. पलीकडच्या टाउनशिपमध्ये, जिथे माझी मैत्रीण राहते, तिथे मानतात. पाण्याचे ५१२ चौरस फूट त्यात मिळवले की आकडा २७ टक्क्यांवर जातो, आणि मग सवलतीसाठी झोनिंग मंडळापुढे सुनावणी, दोनशे फुटांच्या आतील प्रत्येक मालमत्ताधारकाला किमान दहा दिवस आधी नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात आणि बहुधा वकील. तलाव तोच, प्लॉट तेवढाच, फरक फक्त एका रस्त्याचा. सेवेच्या पहिल्या अर्जात हा हिशेब नव्हताच, आणि दुसऱ्या अर्जात त्यांनी गाडीचा रस्ता धरला नव्हता. ती बेरीज शेवटी मी आणि अण्णांनी मिळून केली.

एप्रिलच्या मध्याला झोनिंग मंजूर झाले, आणि बांधकाम परवान्याचा अर्ज त्याच महिन्याच्या अखेरीस दाखल झाला. इथे सेवेचे एक काम मनापासून वाखाणावे असे आहे. तलावाचे बांधकाम आराखडे उत्तम होते: सळयांचे अंतर, भिंतीची जाडी, पंपाची जोडणी, सगळे स्पष्ट. तळाला एकच निचरा-जाळी न ठेवता एकमेकींपासून तीन फुटांहून अधिक अंतरावर दोन जाळ्या का, हेही त्यांच्या आराखडेकार बाईंनी मला न विचारता समजावून सांगितले. एकाच जाळीवर पंपाची सगळी ओढ एकवटली आणि ती शरीराने झाकली गेली तर मोठ्या माणसालाही सुटणे कठीण होते. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून दगावली, आणि तिच्या नावाने २००७ साली झालेल्या संघराज्य कायद्यानंतर जाळ्यांची झाकणे ठरावीक मानकाचीच विकता येतात. या बाईंसारखे लोक झोनिंगच्या अर्जावर बसवले असते तर हे परीक्षण निराळे झाले असते.

अर्ज पूर्ण असेल तर बांधकाम कार्यालयाला त्यावर वीस कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो. या वाक्यातला महत्त्वाचा भाग ‘पूर्ण असेल तर’ हा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सेवेकडून दर सोमवारी एकच निरोप येत होता, ‘टाउनशिपकडे अडकले आहे’. अखेर मी स्वतः एका दुपारी कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला: अर्ज तीन आठवड्यांपासून ‘अपूर्ण, अर्जदाराच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ या रकान्यात पडून होता, आणि त्याबाबतची सूचना सेवेच्या पत्त्यावर दोनदा गेलेली होती. उणीव काय, तर विजेच्या एफ-१२० नमुन्यावर इलेक्ट्रिशियनचा शिक्का दिसत नव्हता. हा शिक्का शाईचा नसतो. दाबयंत्राने कागदावर उठवलेला असतो आणि बोट फिरवले की जाणवतो; पण कागद स्कॅन केला की साफ नाहीसा होतो. मूळ कागद मला सेवेच्या कार्यालयातून स्वतः आणावा लागला. खिडकीमागच्या बाईंनी पेन्सिल आडवी धरून त्या जागेवर हलकेच घासली, आणि काळसर पट्ट्यातून गोल शिक्का, त्याच्या कडेचे नाव आणि परवाना क्रमांक वर आला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण राजमुद्रा उमटवायचो, अगदी तसे. त्यांनी तो पुन्हा स्कॅन केला, आणि त्या दिवसापासून वीस दिवसांची मोजणी सुरू झाली. परवाना सतराव्या दिवशी हातात पडला. तीन आठवड्यांचा उशीर पेन्सिलच्या चार फटकाऱ्यांचा होता, आणि तो टाउनशिपच्या माथी मारून सेवा मोकळी झाली होती.

खोदकामाआधी ८११ या, जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे आहेत ते आखून देणाऱ्या सेवेच्या, क्रमांकावर कळवणे बंधनकारक आहे, आणि न्यू जर्सीत किमान तीन कामकाजी दिवस आधी कळवावे लागते. हे काम कंपनीने वेळेवर आणि नीट केले. दोन दिवसांत गवतावर विजेच्या तारांच्या लाल, गॅसच्या पिवळ्या आणि दूरसंचार तारांच्या नारिंगी रेघा उमटल्या. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

परवाना मिळाला म्हणजे सेवा संपली, असे करारात आहे हे आम्हाला जूनमध्ये कळले. प्रत्यक्षात परवाना ही सुरुवात असते, कारण तपासण्या त्यानंतर सुरू होतात आणि प्रत्येक तपासणीची वेळ मागणे, त्या वेळी कुणीतरी हजर असणे, नापास झाल्यास पुन्हा मागणे हे सगळे घरमालकाकडे येते. वर, बारा महिन्यांत काम सुरू झाले नाही किंवा सुरू होऊन सहा महिने बंद राहिले, तर परवाना रद्द होतो.

सर्वांत लक्षात राहिली ती विजेची तपासणी. काँक्रीट फवारण्याआधी सळयांचा सांगाडा उघडा असतानाच ती करावी लागते, कारण नंतर काहीच दिसत नाही. तलावातील आणि तलावाभोवतीची प्रत्येक धातूची वस्तू, म्हणजे सळया, शिडीच्या खोबण्या, दिव्याचे घर, पंपाचा सांगाडा, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेली असावी लागते. ही तार आठ क्रमांकाची, भरीव आणि उघडी असते. आपण ज्याला अर्थिंग म्हणतो ते हे नव्हे. उद्देश असा की, कुठून गळती होऊन वीज आलीच तर पाणी, शिडी आणि ओला काठ यांच्यात विजेच्या दाबाचा फरक राहू नये, म्हणजे एका हाताने शिडी धरून पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून प्रवाह जाणार नाही. तपासणीस साठीच्या आसपासचा, गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधलेला गृहस्थ होता. त्याने खड्ड्यात उतरून सळयांवरचे चारही जोड मोजले, कारण किमान चार आणि सारख्या अंतरावर असावेच लागतात, आणि प्रत्येक जोडाची पकड हाताने ओढून पाहिली. ईशान्य कोपऱ्यातल्या पकडीवर त्याने अंगठा फिरवला, खालचा ठसा वाचला आणि मान हलवली. ती पकड काँक्रीटमध्ये गाडण्यासाठी मान्यताप्राप्त नव्हती. दिसायला इतर तिघींसारखीच, पण आत गंजली असती. सांगाड्याजवळच्या खुंटावर ‘नामंजूर’चे स्टिकर लागले. चार डॉलरची वस्तू असेल. फेरतपासणी त्याच आठवड्यात मिळाली. कंपनीचा इलेक्ट्रिशियन मात्र त्या दिवशी फिरकला नाही, म्हणून आणखी सहा दिवस गेले आणि काँक्रीटची गाडी पुढे ढकलली गेली.

दुसरी महत्त्वाची तपासणी कुंपणाची. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पाण्यात बुडणे हे आहे, हे ठाऊक असल्यावर या नियमांचा जाच वाटत नाही. कुंपण बाहेरच्या बाजूने मोजून किमान ४८ इंच उंच, त्यातील कुठल्याही फटीतून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, फाटक तलावापासून बाहेरच्या दिशेने उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे. कडीची कळ जमिनीपासून ५४ इंचांपेक्षा खाली असेल, तर ती तलावाच्या बाजूला आणि फाटकाच्या माथ्यापासून किमान तीन इंच खाली हवी, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या लहान मुलाचा हात तिथे पोहोचणार नाही. हे सगळे सेवेच्या माहितीपत्रकात एका ओळीत होते: ‘कुंपण घरमालकाकडे’. आमचे जुने फाटक आत उघडणारे होते. ते उलटे बसवले, नव्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या लावल्या, आणि तपासणीसाने ते वीतभर उघडून सोडून दिले. फाटक आले, कडीला टेकले आणि तिथेच थांबले. त्याने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. जमीन त्या बाजूला किंचित उतरती असल्यामुळे फाटकाला शेवटचा जोर मिळत नव्हता. बिजागरीचा ताण दोन आटे वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी तेच फाटक खट्ट आवाज करून बसले.

घराची मागची भिंत हीच कुंपणाची चौथी बाजू धरली असेल, तर त्या भिंतीतून तलावाकडे उघडणाऱ्या दाराला गजर बसवावा लागतो. मोठ्या माणसासाठी तो थोडा वेळ बंद करण्याची कळ असते, पण तीही ५४ इंचांच्या वर. अण्णा पहाटे तांब्या घेऊन सूर्याला अर्घ्य द्यायला त्याच दाराने बाहेर पडत. पहिले चार दिवस साडेपाच वाजता सगळे घर त्या कर्कश आवाजाने जागे होत होते. पाचव्या दिवशी त्यांनी कळ दाबायची सवय लावून घेतली आणि सहाव्या दिवशी पुढच्या दाराने जायला लागले.

सप्टेंबरमध्ये अंतिम तपासणी झाली आणि त्यानंतर ‘सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल’ मिळाले. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्राला जे महत्त्व आहे, तेच इथे तलावाच्या बाबतीत या कागदाला आहे. तो नसेल तर परवाना टाउनशिपच्या दप्तरी उघडाच राहतो, आणि पुढे कधी घर विकायला काढले की खरेदीदाराचा वकील सर्वांत आधी तेच विचारतो. कंपनीने शेवटचा हप्ता मागितला तेव्हा हे प्रमाणपत्र आलेले नव्हते, आणि आमच्या करारात हप्ता ‘तलावात पाणी भरल्यावर’ असा होता. या एका शब्दप्रयोगाकडे करार करतानाच लक्ष द्यावे, असे मी प्रत्येकाला सुचवेन; ‘प्रमाणपत्र मिळाल्यावर’ असे लिहून घेतले की पुढचे पाठपुरावे कंपनी आपोआप करते. आम्ही पैसे देऊन बसलो होतो, म्हणून शेवटचे तीन फोन मीच केले.

खर्चाची एकूण बेरीज अशी: सेवा १,६५०, मोजणी ९००, उताराचा आराखडा १,८००, टाउनशिपची विविध शुल्के मिळून १,१०० च्या आसपास, आणि फाटक, बिजागऱ्या व गजर धरून आणखी सुमारे ७००. परवान्याची एक प्रत मालमत्ता करनिर्धारकाकडे जाते, हेही आधी माहीत असलेले बरे. काम पूर्ण झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून वाढीव मूल्यांकन लागू होते, ऑक्टोबरात वेगळे बिल येते आणि ते १ नोव्हेंबरला भरायचे असते. सेवेच्या कागदांत कराचा उल्लेखही नव्हता. तो असायलाच हवा होता असे मी म्हणणार नाही, पण ‘काहीही करावे लागणार नाही’ या वाक्याशेजारी तो शोभून दिसला असता.

ही सेवा कुणी घ्यावी? ज्यांच्या घराचा मोजणी नकाशा ताजा आहे, मागे सुविधाधिकाराचा पट्टा नाही, प्लॉट मोठा आहे आणि झाकलेले क्षेत्र मर्यादेच्या बरेच आत आहे, त्यांना ती पैशाला पुरेल. बांधकामाचे नमुने आणि आराखडे हे लोक खरोखर चांगले करतात. ज्यांचे अंगण आमच्यासारखे अडचणीचे आहे, त्यांनी झोनिंग स्वतः करावे. त्यासाठी लागते ती एक मोजणी, एक पट्टी, एक बेरीज आणि झोनिंग अधिकाऱ्याशी दहा मिनिटांचे बोलणे. आमच्या अधिकाऱ्याने तर अर्ज देण्याआधी नकाशा पाहून घेण्याची तयारी आपणहून दाखवली होती. मात्र ‘परवाना तुम्हीच तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल’ असे कंपनीच सुचवू लागली, तर सावध राहावे. स्वतः राहत असलेल्या घरासाठी मालकाला तशी मुभा आहे, पण मग कामाची जबाबदारीही कागदोपत्री मालकावर येते आणि कंपनी नामानिराळी राहते.

मी सेवेकडे लेखी तक्रार केली. तीन आठवड्यांचा उशीर आपल्या बाजूने झाल्याचे त्यांनी मान्य केले आणि ३०० डॉलर परत दिले. अडीचातला अर्धा तारा त्या कबुलीचा आहे. ईझमेंटविषयीच्या उत्तराबद्दल मात्र ते अजूनही काही बोललेले नाहीत.

अण्णा ऑगस्टच्या अखेरीस परतले, त्यामुळे भरलेला तलाव त्यांनी फोनच्या पडद्यावरच पाहिला. जाताना मोजणी नकाशाची एक प्रत मागून घेऊन गेले. आता जुनी शेड काढून तिच्याहून थोडी मोठी घालायचा विचार आहे. दोनशे चौरस फूट आणि दहा फूट उंचीपर्यंतच्या साध्या शेडला इथे बांधकाम परवाना लागत नाही, झोनिंगची मंजुरी मात्र लागते. तो अर्ज मी स्वतः भरून ठेवला आहे, आणि सोबत जोडायच्या नकाशावर मागची तुटक रेघ लाल पेनाने आधीच गिरवली आहे.